केरबाच्या बेसला चाकूरची घोडी

पडदा वर जातो तेव्हा समोर मुखेडच्या एका घराचं अंगण दिसतं. डाव्या विंगेत कडुलिंब, त्याच्या बुडाशी सिमेंटची टाकी. उजवीकडे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये विहिरीवरच्या मोटारी पोटं उघडून पडलेल्या, आतली जळकी तार बाहेर लोंबणारी. मधोमध बाज. बाजेवर सतरंजी आणि सतरंजीवर एक काळा बेस गिटार पालथा. त्याच्या चारही तारा काढलेल्या, पाठीवरचं झाकण उघडं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत केरबा गजभारे बसला आहे. वय साठीच्या अलीकडे, अंगात बनियन, चष्मा कपाळावर सरकवलेला. ऊन नुकतंच टाकीपर्यंत आलं आहे. घरातून त्याची बायको पंचशीला चहाचे दोन कप घेऊन प्रवेश करते, आणि या नाटकातलं पहिलं वाक्य तिचं आहे.

"लोकांच्या मोटारी पडून राहिल्यात, अन् तुमी हे मढं घेऊन बसलाव."

"मढं न्हाई ते," केरबा झाकणाच्या आत डोकावत म्हणतो. "ऑपरेशन चालू हाय. नातेवाइकांनी भाईर बसावं."

"नातेवाईक चहा घेऊन आलेत. प्यायचा असंल तर हात धुवा."

दुसरा कप माझा. मी संगमेश्वर. जन्मानं चाकूरचा, आता मुलाच्या नोकरीमुळे मुखेडला राहतो. उमेदीची वर्षं कलापथकात गेली आणि पुढची ऑर्केस्ट्राच्या निवेदनात. माईकसमोर उभं राहणाऱ्याला आपल्या पाठीमागे कोण काय वाजवतं ते बघायची सवड नसते. ती मला आता मिळाली आहे, आणि केरबाच्या अंगणात ती मी मनापासून उधळतो. ही गोष्ट त्याची आहे.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. गाणारा गातो, ढोलकी बोलते, कीबोर्ड मिरवतो, आणि या सगळ्यांच्या खालून बेस चालत असतो. कार्यक्रम संपल्यावर लोकांना विचारा, बेस ऐकल्याचं कुणी सांगणार नाही. पण मधेच तो थांबला तर गाणं पोकळ लागतं, आणि मागच्या रांगेत तंबाखू मळणारा माणूसही मान वर करून बघतो.

केरबा पोटासाठी मोटारी भरतो. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. बेस त्याच्याकडे आला तो नांदेडचा आमचा ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा. मालकानं सामान विकायला काढलं. केरबा आमच्याकडे स्पीकर दुरुस्तीला यायचा आणि कामं आटोपल्यावरही बेसवाल्याच्या बोटांकडे बघत उभा राहायचा. त्यानं हा काळा बेस उचलला, गोधडीत गुंडाळला आणि मुखेडच्या एसटीत मांडीवर आडवा घेऊन बसला. मी त्याच गाडीत मागच्या बाकावर होतो.

"गोधडीत काय हाय?" कंडक्टरनं विचारलं. "लेकरू हाय का?"

"लेकरूच हाय."

"मग रडंना कसं?"

"घरी गेल्यावर रडंल."

"लेकराचे पाय त्या बाईच्या तोंडापुढं चाललेत. उभं धरा जरा."

मुखेडपर्यंत केरबानं लेकरू उभं धरलं. त्यानंतर तो कॅसेटी लावून लावून शिकला, आणि गावातल्या समता गायन पार्टीत उभा राहिला. जयंतीचे कार्यक्रम, विहारांची उद्घाटनं, लग्नं, सगळीकडे. एप्रिल-मे आला की मोटारींचं दुकान अर्धं बंद आणि केरबा अर्धा घरी. पंचशीलाबाई कुरकुर करायच्या, पण पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायच्याही त्याच. पार्टीचा म्होरक्या तेव्हा प्रीतमचा बाप होता. तो गेल्यावर प्रीतम आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, गळा गोड, स्वभाव सरळ. केरबाला तो काका म्हणतो.

मागच्या दिवाळीनंतर एका शेतकऱ्याची कडबा कुट्टीची मोटार केरबानं भरून दिली आणि ती बसवून द्यायला तो शेतावर गेला. चालू करून बघताना पात्याजवळ कडब्याची पेंढी अडकली. पुढचं फार सांगत नाही. डाव्या हाताची दोन बोटं गेली, मधलं आणि करंगळीशेजारचं.

बेस वाजवणाऱ्याचा डावा हात मानेवर तारा दाबतो आणि उजवा छेडतो. दाबायला ती दोन बोटं लागतातच. नांदेडच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा केरबा पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून छताकडे बघत होता. प्रीतम खाटेच्या कडेला बसला होता. तो जे बोलला ते मायेनंच बोलला.

"काका, आता तुमी आराम करा. बेस आपन कीबोर्डवरच घेऊ. आजकाल सगळे तसंच करून राहिलेत."

केरबानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुमी कार्यक्रमाला या की. पुढं खुर्ची टाकतो तुमाला."

"खुर्चीत बसून काय करू?" केरबानं विचारलं. "टाळ्या?"

प्रीतमनं मान खाली घातली. मग केरबा म्हणाला, "नायगावच्या विहाराचा कार्यक्रम कवा हाय?"

"वैशाखात. सकाळचा."

"तवर थांब. नायगावला मी उभा ऱ्हायलो न्हाई तर घे तुज्या कीबोर्डवर. मी काय बोलनार न्हाई."

प्रीतमनं हो म्हटलं. त्या एका 'हो'वर पुढचे सगळे महिने टांगलेले होते.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी पंचशीलाबाईंना खाटेवर विचित्र हालचाल दिसली. केरबा पडल्या पडल्या उजवा हात हवेत वर धरून बोटं उघडझाक करत होता, आणि पट्टीतून बाहेर राहिलेली डावी तर्जनी पोटावर टकटक वाजवत होती. त्यांना वाटलं ताप डोक्यात गेला.

"काय करून राहिलाव?"

"उजव्या हाताला चारी बोटं हायत की," केरबा म्हणाला. "दाबायचं काम त्याला देतो. छेडायला डाव्याचं हे एक पुरं हाय."

म्हणजे बेस उलटा धरायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण बेस उलटा धरला की सगळंच उलटं होतं. जाड तार खाली जाते आणि बारीक वर येते. तारांची अदलाबदल करावी तर मानेच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा जुन्या मापाच्या, जाड तार बारीक खाचेत बसत नाही. गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचा खिळा भलत्या बाजूला येतो. आवाजाची बटणं वर येतात आणि वाजवताना कोपर लागून आवाज आपोआप कमी होतो. वायर जोडायचं भोक आभाळाकडे तोंड करून बसतं. हे सगळं घरी, अंगणात, एका पुऱ्या आणि एका अर्ध्या हातानं करायचं होतं. म्हणून ती बाज आणि ते ऑपरेशन.

मी रोज सकाळी जाऊन बसायचो. मदत म्हणाल तर मी फक्त चहा प्यायलो. केरबानं खाचांची पट्टी नव्यानं कापून घासली. पट्ट्याचा खिळा मानेच्या पलीकडच्या शिंगावर, म्हणजे लाकडाच्या पुढे आलेल्या टोकावर नेला. वायरचं भोक खालच्या अंगाला पाडलं, जुनं भोक बुजवून काळा रंग लावला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, तेही बदललं. आतली पोकळी तांब्याच्या पातळ पत्र्यानं मढवली, म्हणजे मांडवातल्या ट्यूबलाइटची घूं घूं आत शिरणार नाही.

तारांखाली एक चुंबक असतो, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्याला पिकअप म्हणतात. तारेची थरथर तोच उचलतो. केरबाचा पिकअप कधीचा अशक्त झाला होता. "उघडलाच हाय तर हेही भरून घेऊ," म्हणाला. मोटारी भरणाऱ्याला त्यात नवल नव्हतं, फक्त तार इतकी बारीक की डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांत ती ठरेना. सारखी तुटायची. शेवटी पंचशीलाबाईंनी भाकरीचं पीठ झटकून हात पुसले आणि समोर बसल्या. केरबा उजव्या हातानं चरखी फिरवायचा आणि तार त्यांच्या चिमटीतून सरकत जायची. तासन्‌तास ते दोघं असे समोरासमोर बसलेले मी पाहिले आहेत. इतक्या वर्षांत मी रंगमंचावर पुष्कळ जोडपी पाहिली, त्यांच्यासाठी शब्दही म्हटले. या जोडप्याला शब्दांची गरज नव्हती, तरी ते अधूनमधून भांडत होते.

"हळू. तुटंल."

"मला न्हाई सांगायचं. मी शेवया करती. तुमी फिरवा सरळ."

मोटारीला वार्निश पाजतात तसं पिकअपला मेण पाजावं लागतं, नाहीतर तो शिट्टी मारतो. पंचशीलाबाईंनी विहारातल्या वंदनेच्या मेणबत्त्यांची जळून उरलेली बुडखी डब्यात जमवून ठेवली होती. ती त्यांनी पातेल्यात वितळवली.

"वंदनेचं मेन हाय हे," त्या म्हणाल्या. "आता सूर वाकडा आला तर बेसाची चूक न्हाई, तुमची."

राहिली घोडी. बेसच्या पोटावर ज्या आधारावरून तारा जातात त्याला आपल्याकडे घोडी म्हणतात. केरबाची घोडी लोखंडी, स्क्रूवर खाली-वर होणारी, आणि कित्येक मांडवांचा घाम पिऊन गंजलेली. तारांच्या नव्या क्रमासाठी ती हलवायला गेला तर स्क्रूच तुटले. इथं मात्र मी तोंड उघडलं. चाकूरला माझा बालमित्र आहे, सिद्रामप्पा. पिढीजात सुतार, पण दारं-खिडक्या करत नाही. भजनी मंडळांच्या वीणा करतो, तंबोरे दुरुस्त करतो. म्हटलं, लाकडाची घोडी करून घेऊ.

शिरूर ताजबंदला गाडी बदलून आम्ही चाकूरला गेलो. सिद्रामप्पा दुकानाच्या फळीवर बसला होता, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा.

"जय भीम, आप्पा," केरबा म्हणाला.

"शरणार्थ. या." त्यानं बेस हातात घेतला, उलटापालटा केला, पाठीवर टिचकी मारली. "याला पोट न्हाई. आवाज कुठं ऱ्हातो?"

"करंटात ऱ्हातो."

"करंट गेल्यावर?"

"मग घरी जायचं."

सिद्रामप्पा हसला. मग त्याची नजर केरबाच्या हातावर गेली आणि त्यानं काही विचारलं नाही, फक्त चहा सांगितला. केरबानं आपण होऊन सगळं सांगितलं. कुट्टी, दवाखाना, प्रीतमचं हो, नायगाव. सिद्रामप्पा दोऱ्यानं मापं घेत ऐकत होता.

"नायगावला माझी सुकन्या दिलीय," तो म्हणाला. "येतो मी ऐकायला. शिसवाची घोडी देतो तुमाला. तारांची टोकं तुमच्या जुन्या घोडीच्या लोखंडी पट्टीतच अडकू द्या, फक्त बसू द्या माझ्या घोडीवर. पुढच्या बाजाराला या."

पुढच्या बाजाराला आम्ही गेलो तेव्हा घोडी मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. काळीभोर, आरशासारखी घोटलेली. माथा इतका नितळ की बोट ठेववेना. सिद्रामप्पाचे डोळे लाल दिसत होते. घेण्यादेण्याचं बोलणं त्यानं ऐकूनच घेतलं नाही.

"अशी केलीय," तो म्हणाला, "की तार सोडली तरी मागं बोलत ऱ्हाईल. लई दिवसांनी एवढं जीव लावून काम केलं बघा. तुमचा हात बघितला, अन् मनात बसलं."

 केरबानं ती घोडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि मुखेड येईपर्यंत खिशावर हात.

त्याच संध्याकाळी तारा चढल्या. केरबानं बेस उलटा गळ्यात घातला, वायर जोडली, डाव्या तर्जनीनं जाड तार छेडली. बेसचा आवाज कसा, तर गोणी जमिनीवर टेकवल्यासारखा, भरीव, मोजका. स्पीकरमधून जो आला तो झंऽऽऽ. दुसरी तार, झंऽऽऽ. तिसरी, चौथी, तशीच. प्रत्येक सुराच्या मागे मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं.

"अर्थिंग गेलं," केरबा म्हणाला.

विजेच्या माणसाला प्रत्येक आजार विजेचाच दिसतो. त्यानं झाकण उघडलं, वायरींच्या सगळ्या जोडांना पुन्हा डाख दिले. तांब्याचा पत्रा काढून पुन्हा चिकटवला. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर मीठ-पाणी ओतलं. शेजारच्याच्या घरातून वायर ओढून बघितली. शेवटी नव्यानं भरलेल्या पिकअपवरच संशय घेतला आणि तो उसवायला निघाला, तेव्हा पंचशीलाबाईंनी तो हातातून काढून पदराखाली घेतला.

याच गडबडीत प्रीतम तालमीसाठी आला. केरबानं त्याला एक गाणं वाजवून दाखवलं. उजव्या हाताची बोटं अजून चाचपडत होती, पण सूर बरोबर पडत होते. हे प्रीतमलाही दिसलं. त्याचा चेहरा मात्र पडला.

"काका, बोटं बसून राहिलीत तुमची. खरंच. पन हे असं माशा अडकल्यावानी वाजतंय. मांडवात मोठ्या बॉक्सवर काय होईल?"

"निघंल ते. वायरिंगचं हाय."

"नायगाव पंधरवड्यावर आलंय काका. मी कीबोर्डवाल्याला सांगून ठेवतो. तुमचं झालं तर तुमीच."

तो गेला. केरबानं वायर उपसून काढली, स्पीकर बंद केला आणि बेस मांडीवर घेऊन नुसताच वाजवत बसला, माणूस नाराज झाला की नखं खातो तसा. पंचशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी सूप खाली ठेवलं.

"वायर काढलीय ना?"

"हाव."

"मग झंकारतंय कशानं?"

केरबाचा हात थांबला. त्यानं पुन्हा तार छेडली. वीज नाही, वायर नाही, स्पीकर नाही, आणि तरी बारीक आवाजात ते पोळं उठलेलंच होतं. मी खाली वाकून घोडीला कान लावला, आणि मला हसूच आवरेना. तो आवाज मी आयुष्यभर विंगेत ऐकला होता. संगीत नाटकाच्या आधी तंबोरा जुळवताना जो निघतो तो.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता घासतात. तार तिथं एका जागी टेकत नाही, घसटत राहते, आणि त्यातून तो गुंजत राहणारा आवाज येतो. त्याला जवारी म्हणतात. तंबोऱ्याचं सगळं मोल त्या जवारीत. बेसची तार मात्र एका कडेवर टेकून मोकळी सुटली पाहिजे. सिद्रामप्पानं उभ्या जन्मात दुसऱ्या तऱ्हेची घोडी केलीच नव्हती. तार मागं बोलत राहील, असं तो म्हणाला होता, आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या होत्या. केरबाच्या बेसला त्यानं आपल्या हयातीतली सर्वांत सुंदर जवारी काढून दिली होती.

इलाज सोपा होता. कानस घ्यायची, माथा घासून एक कड काढायची. तासाभराचं काम. केरबानं कानस घेतली, घोडी पक्कडीत धरली, आणि तसाच बसून राहिला.

"घासा की," पंचशीलाबाई म्हणाल्या.

"त्या मानसानं डोळे लाल करून केलंय हे."

"मग त्यांनला फोन करा. इचारा."

केरबानं फोन लावला. मी शेजारी होतो, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बोला केरबा. कशी बोलून राहिलीय घोडी?"

केरबानं माझ्याकडे बघितलं. "लई बोलून राहिलीय, आप्पा."

"मी म्हनलं न्हवतं? आता मी नायगावला येतोच. सुकन्याला सांगितलंय, जावयाला बी घेऊन येतो."

फोन ठेवल्यावर पंचशीलाबाई म्हणाल्या, "सांगितलं मोठं." केरबानं कानस परत डब्यात टाकली.

पण नायगाव पुढं उभं होतंच. त्याला हेही कळत होतं की हा आवाज घेऊन तिथं गेलो तर पार्टीतली जागा त्या दिवशी संपली. तो दोन दिवस मोटारीच भरत बसला. मी त्याच्याशी तंबोऱ्याबद्दल बोलत राहिलो, उगीच, जुन्या आठवणी म्हणून. तंबोरा जुळवणारा तारेखाली सुताचा एक धागा घालतो आणि मागेपुढे सरकवून जवारी उघडतो, मिटवतो, असं बोलता बोलता सांगितलं.

केरबाच्या हातात त्यावेळी मोटारीच्या खाचेत घालायचा कागद होता. जाड, कडक, तार लोखंडाला लागू नये म्हणून घालतात तो. त्यानं त्याची काडीएवढी पट्टी कापली. बाजेवरचा बेस घेतला आणि घोडीच्या पुढच्या कडेवर, जाड तारेखाली ती सरकवली. तार छेडली.

धुम्.

गोणी जमिनीवर टेकली. पंचशीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. केरबानं दुसरी पट्टी कापली, तिसरी कापली. चौथ्या, सर्वांत बारीक तारेपाशी आल्यावर मात्र त्याचा हात थांबला. तिच्याखाली त्यानं कागद घातला नाही. पंचशीलाबाईंच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा धागा मागून घेतला, तारेखाली घातला आणि केसाकेसानं सरकवत राहिला. एका जागी ती तार अशी खुलली की पंचशीलाबाई बाजेच्या कडेला येऊन बसल्या.

नायगावला सकाळीच ऊन तापलं होतं. विहारासमोर पांढरा मांडव, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. कीबोर्डवाला तयारीत होता. केरबा उलटा बेस गळ्यात घालून आपल्या जुन्या जागी, ढोलकीच्या मागे उभा राहिला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांत कुजबुज झाली, हा डावखुरा कधी झाला म्हणून. सिद्रामप्पा खांबाशी जावयाशेजारी बसला होता, डोक्यावर टोपी, हात मांडीवर.

कार्यक्रम वंदनेनं सुरू झाला. वंदनेला पार्टी एरवी काही वाजवत नाही, नुसता गळा. प्रीतमनं सुरुवात केली आणि त्याच्या स्वराखाली कुठून तरी एक गुंजन उमटलं. केरबा ती एकच बारीक तार छेडत होता, अगदी हळू. मोठ्या बॉक्समधून जवारी मांडवभर पसरली. प्रीतमनं डोळे उघडून मागे बघितलं, मग पुन्हा मिटले, आणि पुढची ओळ त्यानं नेहमीपेक्षा संथ घेतली. मांडवातल्या लोकांचा आवाज त्यात मिसळला. मी असंख्य कार्यक्रमांची सुरुवात करून दिली आहे, अशी एकही नाही. माझे हात आपोआप जोडले गेले होते.

मग गाणी सुरू झाली आणि तीन तारांनी धुम् धुम् पाऊल टाकलं. सगळं नीट झालं असं नाही. एका धावत्या गाण्यात केरबाच्या उजव्या हाताची बोटं मागं पडली. त्यानं घाई केली नाही, एक सूर धरून उभा राहिला आणि ओळ फिरून आल्यावर तिच्यात शिरला. आधी तो पुष्कळ वाजवायचा. आता मोजकं वाजवतो, आणि मला ते जास्त आवडतं, पण हे मी त्याला सांगितलेलं नाही.

संपल्यावर प्रीतम घाम पुसत आला. "काका, पुढचा कार्यक्रम देगलूरला हाय. गाडी तुमच्या दारावरून घेऊ. अन् वंदनेला ते आजच्यावानीच धरायचं."

केरबानं मान हलवली. तेवढ्यात सिद्रामप्पा समोर येऊन उभा राहिला. आधी त्यानं शाबासकी दिली. मग वाकून घोडी बघितली, चष्मा लावून पुन्हा बघितली. तीन तारांखालच्या कागदाच्या पट्ट्या त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"हे काय?"

"कागद हाय, आप्पा. मोटारीचा."

"कशाला?"

केरबानं माझ्याकडे बघितलं नाही. "खरं सांगतो. या वाद्याला जवारी चालत न्हाई. तार साफ सुटावी लागती. तुमाला फोनवर सांगायला जीभ वळली न्हाई. तीन तारा मिटवल्या, एक ठेवली."

 सिद्रामप्पा कपाळावरचा घाम पुसून माझ्याकडे वळला. "संगू, तू सोबत होतास ना रे? सांगायचं न्हाई का?"

"मी निवेदक," मी म्हणालो. "वाद्यातलं मला काय कळतं."

"शिवा, शिवा," तो म्हणाला आणि हसत सुटला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "म्हनजे मी तुमाला संकटातच टाकलं की. असं करा, काढून द्या ती. दुपारी सुकन्याकडं जेवायला या, माझं सामान सोबत हाय. तासाभरात घासून साधी करून देतो. मग कागदाचं लचांड नको."

केरबानं तीन बोटांचा डावा तळवा घोडीवर ठेवला.

"जेवायला येतो, आप्पा. पन तिला कानस लावायची न्हाई. देगलूरच्या लोकांनी अजून ऐकली न्हाई ती."